थेंबाने रोजा तुटत नाही

पहाटे आमच्या घरात दोन गजर होतात. पहिला साडेचारला, सहरीचा. दुसरा पाच वाजून वीस मिनिटांनी, माझ्या डोळ्यांच्या औषधाचा. सहरी म्हणजे रोजा सुरू होण्याआधीचं पहाटेचं जेवण, हे कोरेगावकरांना वेगळं सांगायला नको. आमच्या गल्लीतल्या हिंदू शेजाऱ्यांनाही महिनाभर आमचं वेळापत्रक पाठ झालेलं असतं.

भाकरीचा शेवटचा तुकडा, एखादा खजूर, पाण्याचे दोन घोट आणि मग खुर्चीत बसून दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब. थेंब टाकला की डोळे मिटायचे आणि नाकाजवळचा डोळ्याचा कोपरा बोटानं हलकेच दाबून दोन मिनिटं गप्प बसायचं. मशिदीतून फजरची अजान येते तेव्हा मी बहुतेक वेळा अशीच बसलेली असते. मुलगी लहान होती तेव्हा तिला वाटायचं, अम्मी दुआ मागतेय.

मला काचबिंदू आहे. १९९७ साली, वयाच्या सतराव्या वर्षी तो सापडला. म्हणजे जवळजवळ तीस रमजान मी या बाटलीसोबत काढले. त्यातला एक मात्र तिच्याविना काढला. त्या एका रमजानची किंमत मी अजून मोजते आहे. यंदा रमजानच्या महिन्यातच, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, जागतिक काचबिंदू सप्ताह येतो आहे. म्हणून आज ही गोष्ट सांगायचं ठरवलं.

मोतीबिंदू नव्हे, काचबिंदू

सगळ्यात आधी नावाचा घोळ. मोतीबिंदू आपल्याकडे घराघरात माहीत आहे. डॉ. तात्याराव लहाने यांच्यासारख्या डॉक्टरांच्या शिबिरांमुळे तर खेड्यापाड्यातल्या आजीलाही ठाऊक झालं की ऑपरेशन केलं की पुन्हा दिसतं. आमच्या घरांत उर्दू-दखनी वळणानं काचबिंदूला ‘काला मोतिया’ म्हणतात. ‘मोतिया’ ऐकलं की माणूस निर्धास्त होतो. ‘पिकू दे, मग काढू’ असं म्हणतो. पण काचबिंदू पिकायची वाट पाहायची नसते. मोतीबिंदूत डोळ्याचं भिंग गढूळ होतं, ते काढून नवं बसवता येतं. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस मरते. ती नवी बसवण्याची सोय आज जगात कुठेही नाही.

हे कसं होतं, ते हौदाच्या उदाहरणानं सांगते. आपल्या डोळ्यात एक स्वच्छ पाणी सतत तयार होत असतं आणि बारीक जाळीतून बाहेर जात असतं. हे अश्रू नव्हेत, हे डोळ्याच्या आतलं पाणी. हौदात पाणी येतंय आणि निघायची मोरी तुंबली, तर भिंतीवर दाब वाढणारच. डोळ्यातला दाब साधारण १० ते २१ असतो, पाऱ्याच्या मिलीमीटरमध्ये मोजलेला. तो वाढून राहिला की मागच्या नसेतले तंतू एकेक करून मरायला लागतात. या नसेत दहा लाखांहून जास्त तंतू असतात, म्हणून सुरुवातीला काही कळतच नाही. काहींना तर दाब नेहमीच्या हद्दीत असूनही हा आजार होतो. त्यामुळे नुसतं प्रेशर मोजून भागत नाही. डॉक्टरांना नस पाहावी लागते आणि ‘फील्ड टेस्ट’ करून बाजूची नजर तपासावी लागते.

नजर जाते ती कडेकडेनं. समोरचं अक्षर अगदी शेवटपर्यंत स्वच्छ दिसतं. जिथे दिसत नाही तिथे काळा डागही दिसत नाही, कारण मेंदू ती जागा आजूबाजूच्या चित्रानं भरून काढतो. एका डोळ्याची उणीव दुसरा झाकतो. बहुतेकांना दुखत नाही, लाल होत नाही. आपल्या देशात या आजाराची जी मोठी पाहणी झाली, त्यात काचबिंदू सापडलेल्या दहापैकी नऊ जणांना तोवर आपल्याला तो आहे याचा पत्ताच नव्हता.

नानांची काठी

माझे नाना, म्हणजे अम्मीचे वडील, चाळिशीतच काठीला आले. आल्याच्या वाफ्यांतून भराभर चालणारा माणूस अंगणातल्या बाजेला धडकू लागला. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं उन्हात राबून डोळे गेले. सुरमा घालून झाला, दर्ग्यावर जाऊन झालं, गावदेवाचा अंगारा शेजाऱ्यांनी आणून दिला तोही लावून झाला. पन्नाशीच्या आत त्यांना पूर्ण दिसेनासं झालं. काचबिंदू हा शब्द त्यांच्या हयातीत आमच्या घरात कुणी उच्चारला नाही.

मला नववीत चष्मा लागला. दोन वर्षांत नंबर तीनदा बदलला. मैदानावर डावीकडून आलेला चेंडू मला लागेपर्यंत कळायचा नाही आणि मैत्रिणी ‘वेंधळी’ म्हणून हसायच्या. अकरावीत डोकं दुखायला लागलं म्हणून अब्बा पुण्याला घेऊन गेले. डॉक्टरांनी दाब मोजला, पुन्हा मोजला आणि अब्बांना बाजूला घेतलं. डाव्या डोळ्यात ३८, उजव्यात ३२.

त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “घरात कुणाची नजर कमी वयात गेली होती का?” अम्मीच्या डोळ्यांतून पाणी आलं. नाना तिला तेव्हा कळले.

काचबिंदू म्हातारपणीच होतो हा समज खोटा आहे. शाळकरी वयापासून तिशी-पस्तिशीपर्यंत होणारा एक प्रकार असतो आणि तो पुष्कळदा रक्ताच्या नात्यातून येतो. कधी एक पिढी निसटते, असं घरच्यांना वाटतं. खरं तर त्या पिढीत कुणी तपासलेलंच नसतं. माझं निदान झालं त्याच वर्षी, १९९७ मध्ये, अशा काही घराण्यांतल्या आजारामागचं ‘मायोसिलिन’ नावाचं जनुक शास्त्रज्ञांनी शोधून काढलं. ज्या घरात ते असतं, तिथे आईकडून वा वडिलांकडून ते मुलाकडे जाण्याची शक्यता निम्मी असते. माझ्या घरात तेच आहे की दुसरं काही, याची तपासणी मी केलेली नाही. पण माझ्या दोन्ही मुलांचे डोळे दरवर्षी तपासून घेते. अजून तरी अल्लाहची मेहेरबानी आहे.

डब्यातली बाटली

डॉक्टरांनी टिमोलोलचे थेंब दिले, सकाळ-संध्याकाळ, जन्मभर. डोळ्यातलं पाणी कमी तयार व्हावं, असं हे औषध. अमेरिकेत त्याला १९७८ साली मान्यता मिळाली आणि काचबिंदूचा इलाज जगभर बदलला. नानांच्या तरुणपणी ते नव्हतं. पिलोकार्पिनचे जुने थेंब होते, पण आजाराला नावच नाही तिथे औषध कोण देणार? नानांना जे मिळालं नाही ते मला सतराव्या वर्षी मिळालं.

आणि मी काय केलं, ते सांगते.

२००० साली लग्न होऊन मी कोरेगावात आले. निघताना अम्मीनं ट्रंकेत तळाशी तीन बाटल्या ठेवल्या आणि म्हणाली, “कुणाला सांगू नको. मुलीच्या डोळ्यात खोट आहे म्हटलं की लोक बोलतात.” तिचं चुकलं असं आज म्हणणं सोपं आहे. माझ्यामागे दोन बहिणी लग्नाच्या होत्या. अशी भीती फक्त मुसलमान घरात असते असंही नाही. स्थळ बघताना चष्मा काढून ठेवणाऱ्या किती मुली आपण पाहिल्या आहेत!

त्या वर्षी रमजान थंडीत आला, नोव्हेंबरच्या अखेरीस. सासरचं भरलेलं घर, पहाटे सगळ्या बायका चुलीभोवती. बाटली काढायची कुठे? शिवाय मनात दुसरी शंका होती. थेंब टाकल्यावर घशाला कडवट चव यायची. म्हणजे औषध पोटात जातं, म्हणजे रोजा तुटतो, असं मी माझं मीच ठरवलं. विचारणार कुणाला? विचारलं असतं तर आजार उघड झाला असता. बाटली मी मसाल्याच्या रिकाम्या डब्यात ठेवून दिली. रात्री टाकू म्हटलं, तर तरावीहची नमाज, उद्याची तयारी, आणि अंथरुणाला पाठ लागताच झोप. पूर्ण तीस दिवस मी रोजे ठेवले. डोळ्यात महिनाभरात पाच-सहा वेळा थेंब गेला असेल. काही दुखलं नाही, काही कमी दिसलं नाही. ईदनंतरही सवय मोडलेलीच राहिली.

फेब्रुवारीत माहेरी जायच्या निमित्तानं पुण्याला तपासणी केली. दाब पुन्हा तिशीच्या वर. फील्ड टेस्टच्या कागदावर डाव्या डोळ्याचा काळा भाग आधीपेक्षा मोठा झालेला. डॉक्टरांनी विचारलं, “औषध नियमित आहे ना?” मी म्हटलं, “हो.”

त्या खोट्यानं आणखी घोळ केला. औषध लागू पडत नाही असं समजून त्यांनी दुसरं जोडलं. दोन बाटल्या लपवायच्या झाल्या. कागदावरचा तो काळा भाग सगळा त्या महिन्यानंच केला असं मी म्हणत नाही. पण जे गेलं ते परत आलं नाही, एवढं खरं.

पुढच्या रमजानमध्ये इफ्तारच्या वेळी दस्तरखानावर वाढताना माझ्या डाव्या हाताला ठेवलेला सरबताचा जग मी लाथेनं सांडला. महिन्यातली ही तिसरी वेळ. सगळे हसले. सासूबाई, आम्ही त्यांना अम्मा म्हणायचो, हसल्या नाहीत. रात्री स्वयंपाकघरात त्यांनी मला जवळ बसवलं आणि हळूच विचारलं, “बेटी, तेरे को इधर का दिखता नै क्या?”

मी रडत सगळं सांगितलं. मला वाटलं आता माहेरची उणीदुणी निघतील. अम्मांनी मसाल्याचा डबा उघडला, बाटल्या काढल्या आणि देवळीत, जिथे घरातल्या सगळ्यांचं सामान असतं, तिथे आणून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांना मशिदीत पाठवून मौलानांना विचारायला लावलं. उत्तर आलं, “डोळ्यात थेंब टाकल्यानं रोजा तुटत नाही. मुलीला म्हणावं, औषध चुकवू नको.”

एका ओळीचं उत्तर. वर्षभर आधी मागितलं असतं तर!

रोजा, उपास आणि औषध

हा नियम काही नवा नाही. आपल्या घाटावरचे बहुतेक मुसलमान हनफी पंथाचे, कोकणातले बहुतांश शाफई. या दोन्ही पंथांत डोळा हा पोटाकडे जाणारा मार्ग धरला जात नाही, म्हणून सुरमा किंवा थेंब यांनी रोजा तुटत नाही. ज्या पंथांत याबद्दल जास्त कडक मत आहे, त्यांच्यासह सर्वांचा विचार करून आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीनं जेद्दा इथल्या बैठकीत १९९७ साली ठराव केला की डोळ्याच्या थेंबांनी रोजा तुटत नाही. घशात उतरलेलं मुद्दाम गिळू नये, इतकंच. म्हणजे मला आजार सापडला त्याच वर्षी माझ्या शंकेचं उत्तर ठरावाच्या रूपात लिहिलं गेलं होतं. ते माझ्या चुलीपर्यंत पोचायला चार वर्षं लागली.

घशाला येणाऱ्या चवीवर तर डॉक्टरांकडेच साधा उपाय आहे. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून एक बारीक नळी नाकात उतरते. रडल्यावर नाक वाहतं ते तिच्यामुळेच. थेंब टाकून डोळे मिटले आणि तो कोपरा दोन मिनिटं दाबून धरला, तर औषध नाका-घशात जवळजवळ उतरत नाही. शिवाय ते डोळ्यात जास्त मुरतं आणि अंगात कमी जातं. टिमोलोलसारखं औषध अंगात गेलं तर दमेकऱ्याला धाप लागू शकते, नाडी मंद होऊ शकते. दमा असेल तर डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं. मजा पाहा, रोजेदाराची शंका फिटते त्याच कृतीनं औषधही नीट लागू होतं.

आणखी काही गोष्टी अनुभवातून आणि डॉक्टरांकडून शिकले, त्या लिहिते.

थेंब एकच पुरतो. डोळ्यात त्याहून जास्त मावत नाही, दुसरा गालावर ओघळतो आणि बाटली लवकर संपते. दोन औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्यावीत. बाटली फोडल्याची तारीख तिच्यावर लिहावी. बहुतेक औषधं महिन्याभरानं टाकून द्यायची असतात.

दिवसातून दोनदाचं औषध सहरी आणि इफ्तारच्या वेळेत बरोबर बसतं. रात्रीचं एकदाचं औषध तरावीहनंतर. तीनदा टाकायचं असेल तर दुपारचा थेंबही टाकावा. मनाला पटत नसेल तर रमजानआधी डॉक्टरांकडून वेळा बदलून घ्याव्यात. पण आपल्या मनानं बंद करू नये.

प्रेशर कमी करायच्या गोळ्या मात्र वेगळ्या. गोळी गिळली की रोजा तुटतोच. शिवाय त्या गोळ्यांनी लघवी जास्त होऊन अंगातलं पाणी कमी होतं. अशा रुग्णानं डॉक्टरांच्या परवानगीशिवाय रोजा धरू नये. कुरआनात सूरह बकरामध्ये आजाऱ्याला स्पष्ट सवलत आहे: बरं झाल्यावर ते दिवस भरून काढावेत, आणि ज्याला शक्यच नाही त्यानं गरिबाला जेवू घालावं. सवलत घेणं म्हणजे ईमान कमी असणं नव्हे.

इफ्तारला किंवा सहरीला एका दमात तांब्याभर पाणी पिऊ नये. थोड्या वेळात लिटरभर पाणी प्यायलं की काचबिंदूच्या डोळ्यात दाब काही काळ वाढतो. डॉक्टर तपासणीसाठी हीच युक्ती वापरतात. घोट घोट, थांबून थांबून प्यावं.

नमाजमधल्या सजद्यात डोकं खाली गेल्यावरही दाब थोडा चढतो, पण ते काही क्षणांपुरतं असतं आणि उठल्यावर उतरतो. नुकतंच ऑपरेशन झालेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारून खुर्चीवर नमाज पढावी. आमच्या योग करणाऱ्या मैत्रिणींसाठीही एक गोष्ट: चेन्नईच्या शंकर नेत्रालयातील डॉक्टरांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शीर्षासन करताना डोळ्यातला दाब दुपटीपर्यंत वाढलेला दिसला. काचबिंदू असलेल्यांनी शीर्षासन टाळलेलं बरं.

हे सगळं फक्त रोजेदारांसाठी नाही. नवरात्रात नऊ दिवस उपास करताना ‘औषधानं उपास मोडतो’ म्हणून बीपीची गोळी बाजूला ठेवणाऱ्या काकू माझ्या ओळखीच्या आहेत. देवाला आपली भूक-तहान पोचते, श्रद्धा पोचते. आपली चुकवलेली औषधं त्याला कशाला हवीत?

लाल डोळ्याचं औषध

आता एक गोष्ट याच उन्हाळ्याच्या तोंडावरची. होळी झाली की आपल्याकडे धुरळा उडायला लागतो आणि कित्येक मुलांचे डोळे लाल होऊन खाजायला लागतात. ही ॲलर्जी. दरवर्षी येते, मूल डोळे चोळून चोळून हैराण होतं. मग कुणीतरी दुकानातून थेंबांची बाटली आणतं आणि दोन दिवसांत जादू झाल्यासारखा उतार पडतो. त्या जादूत बऱ्याचदा स्टिरॉइड असतं. थोडे दिवस, डॉक्टरांच्या नजरेखाली, ते गुणकारी औषध आहे. पण चिठ्ठीशिवाय महिनोन् महिने वापरलं तर काही मुलांच्या डोळ्यातला दाब गुपचूप वाढतो आणि चांगल्या डोळ्याला काचबिंदू होतो. खाज थांबलेली असते, म्हणून कुणाला संशयही येत नाही.

आमच्या शेजारच्या वहिनींचा मुलगा दहावीला होता. एकदा इफ्तारचे भजी घेऊन गेले तर तो अभ्यासाच्या टेबलावर डोळ्यात थेंब टाकत होता. मला त्या कृतीची सवय, म्हणून सहज बाटली हातात घेतली. नावाच्या शेवटी ‘डेक्सा’सारखं काहीतरी होतं. “कधीपासून टाकतोस?” म्हटलं. “चाची, गेल्या उन्हाळ्यापासून. खाजलं की टाकतो.”

वहिनींना मी त्या रात्री झोपू दिलं नाही म्हणायला हरकत नाही. दोन दिवसांनी पेपर होता, तो देऊन आम्ही तिघं डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. दाब ३० निघाला. नस अजून शाबूत होती. डॉक्टरांनी स्टिरॉइड हळूहळू बंद केलं, ॲलर्जीला दुसरं औषध दिलं, दाबाला काही आठवडे थेंब दिले. दोन महिन्यांत दाब जागेवर आला. वेळेत सापडलं म्हणून सुटला. आणखी वर्षभर तो तसाच थेंब टाकत राहिला असता तर, हा विचार वहिनी अजून बोलून दाखवतात.

म्हणून पालकांना हात जोडून सांगणं: डोळ्याची बाटली चिठ्ठीशिवाय आणू नका. जुनी चिठ्ठी दाखवून वर्षभर तेच औषध आणू नका. आणि शेजाऱ्याच्या मुलाला लागू पडलं म्हणून आपल्या मुलाला घालू नका.

टपोऱ्या डोळ्यांचं बाळ

काचबिंदू जन्मतःही असू शकतो. आंध्र प्रदेशातल्या एका मोठ्या अभ्यासात साधारण ३,३०० जन्मांमागे एका बाळाला तो आढळला. पाश्चात्त्य देशांत हे प्रमाण दहा हजारांत एक सांगतात. फरकाचं एक मोठं कारण जवळच्या नात्यातली लग्नं. आमच्यात चुलत-मावस भावंडांची लग्नं होतात. मराठी हिंदू घरांत मामाच्या मुलीचा मान जुना आहे. आईवडील दोघांकडे एकच सदोष जनुक दडलेलं असेल तर ते दोघं ठणठणीत असतात, बाळाला मात्र आजार होऊ शकतो. नात्यातलं लग्न झालंच असेल तर दोष देत बसण्यापेक्षा बाळाचे डोळे तपासावेत.

खुणा सोप्या आहेत. डोळे वयाच्या मानानं फार मोठे दिसतात. सतत पाणी येतं. उजेडात बाळ डोळे घट्ट मिटून घेतं. बुबुळ निळसर-पांढरट, धुरकट दिसतं. आपण काय करतो? ‘केवढे टपोरे डोळे!’ म्हणून कौतुक करतो आणि नजर लागू नये म्हणून काजळ घालतो. अशा बाळाला काही दिवसांच्या आत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यावं. त्याचा इलाज मुख्यतः ऑपरेशन आहे आणि ते जितकं लवकर, तितकी नजर वाचते. प्रसिद्ध इटालियन गायक आंद्रेया बोचेली यांना हाच जन्मजात काचबिंदू होता. बाराव्या वर्षी फुटबॉल खेळताना डोळ्याला मार लागला आणि उरलेली नजरही गेली.

उरलेल्या नजरेनं

२००३ साली माझ्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पाणी निघायला नवी वाट करून देणारं हे ऑपरेशन १९६८ पासून जगभर रूढ आहे. त्यानं गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकवायची असते. डाव्या डोळ्यानं मला आज बांबूच्या नळीतून पाहावं तसं दिसतं. उजवा बराचसा चांगला आहे.

लोकांना हे समजवणं अवघड जातं. मी वर्तमानपत्र वाचते, सुईत दोरा ओवते. मग कुणी म्हणतं, “तुला तर सगळं दिसतंय की!” पण बाजारात डावीकडून आलेली मोटारसायकल मला दिसत नाही. जिन्याची शेवटची पायरी चुकते. उजेडातून अंधाऱ्या गल्लीत शिरले की भिंतीला हात लावून उभं राहावं लागतं. ओळखीच्या बाई हात हलवून गेल्या आणि मी बघितलंच नाही, म्हणून रुसल्या, असंही झालंय. त्या बाईंनी हा लेख वाचला तर माफ करतील.

स्कूटर मी शिकले होते, सोडून दिली. रस्ता ओलांडताना पूर्ण मान वळवून दोनदा बघायची सवय लावली. घरात सगळ्यांना माहीत आहे की अम्मीला वस्तू द्यायची ती उजव्या हाताला.

अशा माणसांसाठी कायदाही आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात नुसती अक्षरं वाचता येणं पाहत नाहीत, नजरेचा घेरही मोजतात. चांगल्या डोळ्याचा घेर ४० अंशांपेक्षा कमी असेल तर अल्पदृष्टी, १० अंशांपेक्षा कमी असेल तर अंधत्व. प्रमाणपत्रासाठी ऑनलाइन अर्ज करून साताऱ्याच्या सिव्हिलमध्ये तपासणी होते. शाळकरी मुलाला परीक्षेत जादा वेळ, लेखनिक मिळू शकतो. मुलाला ‘दिव्यांग’ म्हणवून घ्यायची लाज वाटू नये, ही जबाबदारी आपली.

माझा मुलगा फुटबॉलवेडा आहे. त्याच्याकडून मला एडगर डेव्हिड्स हे नाव कळलं. हॉलंडचा हा खेळाडू ऐन पंचविशीत काचबिंदूनं गाठला. १९९९ मध्ये ऑपरेशन झालं आणि त्यानंतर डोळ्यांवर मोठा संरक्षक चष्मा लावून तो मैदानात उतरू लागला. युव्हेंटस, बार्सिलोना, आपला देश, सगळीकडे तो तसाच खेळला. माझा मुलगा त्याचा फोटो दाखवून म्हणाला, “अम्मी, बघ, तुझ्या आजारवाला.” मी पुष्कळ दिवस तो फोटो मोबाइलवर ठेवला होता.

एक विनंती

अम्मांना जाऊन आता सहा वर्षं झाली. शेवटच्या आजारपणातही सहरीच्या वेळी त्या आतून हाक मारायच्या, “दवा डाली क्या?” आता ते काम मुलगी करते.

या महिन्यात जकात काढणाऱ्यांना एक सुचवते. धान्य-कपडे द्याच, पण आपल्या ओळखीत कुणाला रोजचं औषध परवडत नसेल तर त्याची वर्षभराची बाटली आपल्या नावावर लावून घ्या. ही बाटली दर महिन्याला संपते आणि हातात पैसे नसले की पहिली तीच मागे पडते.

आणि सगळ्याच वाचकांना: चाळिशी ओलांडली असेल तर एकदा डोळ्याचं प्रेशर आणि नस तपासून घ्या. नुसता चष्म्याचा नंबर काढून परत येऊ नका. घरात कुणाला काचबिंदू असेल तर भाऊ, बहिणी, मुलं, सगळ्यांना चाळिशीची वाट न पाहता न्या. नवी सून घरात आली असेल आणि तिच्या ट्रंकेत कसली बाटली दिसली, तर ती देवळीत आणून ठेवा.

रमजान मुबारक. ईदला शिरखुर्मा प्यायला या. वाटी मात्र माझ्या उजव्या बाजूनं परत द्या.